फरशी खरी दिसेल अशी काढायची आल्बेर्तीची रीत

सपाट कागदावर फरशी दूर जाताना दाखवायची, फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या कार्यशाळांतली ही युक्ती इटालियन लेखक आणि वास्तुकार आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहून काढली. १५२५ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररने न्यूरेंबर्गमध्ये असं शास्त्र छापील जर्मनमध्ये आणलं, आणि ते कारागिरांच्या हाती गेलं.

चौकटीची तळरेषा २४ सेंमी घ्या, ४-४ सेंमीचे सहा भाग पाडा. चित्रातल्या माणसाची उंची तीन भाग, म्हणजे १२ सेंमी. मधोमध तेवढ्याच उंचीवर बिंदू घ्या आणि तळरेषेवरच्या सगळ्या खुणा त्याला जोडा.

आडव्या रेषांसाठी वेगळा लांब कागद लागतो. त्यावर जमिनीची रेषा आखून मध्ये उभी रेषा काढा. तिच्या डावीकडे २४ सेंमीवर, १२ सेंमी उंचीवर पाहणाऱ्याचा डोळा म्हणून बिंदू घ्या. उजवीकडे दर ४ सेंमीला खूण. डोळ्यापासून खुणांपर्यंतच्या रेषा उभ्या रेषेला साधारण १.७, ३, ४ आणि ४.८ सेंमीवर कापतात. त्याच उंच्यांवर चित्रात आडव्या रेषा काढा.

फरशांच्या प्रत्येक ओळीची उंची आधीच्या ओळीच्या दोन-तृतीयांश धरण्याचा शॉर्टकट आल्बेर्तीलाही खटकला होता, आणि रास्तच. पट्टी तिरकी लावून पाहा: लागोपाठच्या चौकोनांचे कर्ण एका सरळ रेषेत यायलाच हवेत. डोळा फार जवळ घेतला, तर कडेच्या फरश्या ताणल्यासारख्या दिसतात.