सिमेंट कालवताना घड्याळ कोणाकडे आहे?

ऑर्थोपेडिक ओटीत (हाडांच्या शस्त्रक्रियागृहात) नव्याने स्क्रब होणाऱ्या, म्हणजे हात निर्जंतुक करून सर्जनच्या मदतीला उभं राहणाऱ्या मुलामुलींना मी आधी एकच सांगते: कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवण्यासाठीचं बोन सिमेंट हा गोंद नाही. नावामुळे सगळ्यांची फसगत होते, माझीही झाली होती. ते धातूला किंवा हाडाला चिकटत नाही. मऊ असताना हाडाच्या जाळीदार पोकळ्यांत शिरतं, तिथेच कडक होतं आणि अडकून बसतं. एवढ्या अडकण्यावर माणूस पुढे वर्षानुवर्षं चालतो. म्हणून सर्जन हाडाची पोकळी धुऊन, पुसून कोरडी करण्यात इतका वेळ घालवतात. मध्ये रक्ताचा थर राहिला, की पकड कच्ची.

हे सिमेंट म्हणजे एक ॲक्रिलिक प्लास्टिक, आणि ते मुळात दातांच्या डॉक्टरांकडून आलं. मँचेस्टरमध्ये दंतसामग्रीवर काम करणाऱ्या डेनिस स्मिथ यांच्याकडून हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांना ते कळलं आणि 1958 पासून त्यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी ते वापरायला घेतलं. एका पाकिटात साधारण 40 ग्रॅम पावडर आणि 20 मिली द्रव असतो. पावडर म्हणजे आधीच तयार झालेलं पॉलिमर (रेणूंच्या लांब साखळ्या), अभिक्रिया सुरू करणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड. द्रव म्हणजे मोनोमर, त्या साखळ्यांचे सुटे दुवे. तो ॲम्प्यूलमध्ये आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात थोडं हायड्रोक्विनोन असतं, आणि पावडरशी गाठ पडल्यावर काम लवकर व्हावं म्हणून एक ॲक्सिलरेटर. दोन्ही एकत्र आले की परतीची वाट नाही.

माझ्या पहिल्या मिक्सिंगची गोष्ट सांगते. ट्रॉली लावलेली, बाउल तयार, मी मन लावून कालवतेय. सरांनी विचारलं, "सिस्टर, किती मिनिटं झाली?" मी गप्प. घड्याळ सुरूच केलं नव्हतं. त्यात एसी बिघडल्यामुळे ओटी नेहमीपेक्षा गरम होती आणि खोका सकाळपासून तिथेच पडलेला. सरांनी गोळा बोटाने दाबून पाहिला. हातमोज्याला चिकटणं केव्हाच थांबलं होतं आणि दाबल्यावर तो तुटायला लागला होता. सगळं टाकून दिलं, दुसरं पाकीट उघडलं. सर ओरडले नाहीत, पण सर्क्युलेटिंग सिस्टरला (स्क्रब न होता बाहेरून सामान देणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या नर्सला) म्हणाले, "आता घड्याळ तुम्ही बघा." ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा, की द्रव पावडरवर पडला त्या क्षणी मी मोठ्याने "सुरू" म्हणते आणि सर्क्युलेटर वेळ लिहिते. आधी पातळ, मग चिकट, मग मळलेल्या कणकेसारखं, मग कडक. कणकेची अवस्था हीच कामाची. ती किती वेळ टिकेल हे सिमेंटच्या प्रकारावर आणि तापमानावर ठरतं. लो व्हिस्कॉसिटी (पातळसर) आणि हाय व्हिस्कॉसिटी (घट्टसर) यांचं वागणं अगदी वेगळं, त्यामुळे खोक्यातला कागद वाचल्याशिवाय ॲम्प्यूल फोडायची नाही. गरमीत वेळ आखडतो, थंडीत लांबतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे अंदाजासाठी बाजूला ठेवलेला तुकडा. शरीरातलं सिमेंट जास्त उबेत असतं, त्यामुळे ट्रॉलीवरचा तुकडा मऊ असतानाही आतलं बसलेलं असू शकतं. उरलेला गोळा घट्ट होताना हातात धरून पाहा, चटका बसतो. तीच उष्णता आतल्या हाडालाही सोसावी लागते.

पावडर आणि द्रव पूर्ण वापरायचे, अर्धंमुर्धं करायचं नाही. जोरजोरात फेटलं तर हवेचे बुडबुडे राहतात आणि पुढे तिथूनच तडा जातो. व्हॅक्युम मिक्सर असेल तर बुडबुडेही कमी, वासही कमी. अँटिबायोटिक सर्जननी सांगितल्याशिवाय मनाने मिसळायचं नाही. जंतुसंसर्ग झालेला सांधा काढून मध्ये तात्पुरता स्पेसर (जागा धरून ठेवणारा सिमेंटचा तुकडा) बसवतात, तेव्हा जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिनसारखी उष्णता सोसणारी पावडर भरपूर घालतात. पण प्रमाण वाढलं की सिमेंट कमजोर होतं.

तुमच्या स्वतःच्या जिवाबद्दलही थोडं. मोनोमरची वाफ डोळ्याला आणि घशाला झोंबते, द्रव पेट घेणारा आहे, म्हणून तो उघडा असताना जवळ डायथर्मी (विजेच्या उष्णतेने कापणारं, रक्तस्राव थांबवणारं यंत्र) नको. तो लेटेक्सच्या हातमोज्यातून पटकन आरपार जातो. दोन जोड घाला, द्रवाला हात लावू नका, गोळ्याचं चिकटणं थांबलं की मगच हाताळा. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या, त्या महिनोन्‌महिने बऱ्या होईनात.

आता मुख्य धोका. खुबा मोडलेल्या एक आजी होत्या, स्पायनल (पाठीतून दिलेली कमरेखालची भूल) देऊन जाग्या. सिमेंट भरून स्टेम (कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा) आत जात होता आणि त्या एकदम म्हणाल्या, "मला कसंतरी होतंय." मॉनिटरवर बीपी खाली येईपर्यंत भूलतज्ज्ञ मॅडमचा हात औषधाच्या सिरिंजवर होता, कारण दोन मिनिटं आधीच सरांनी "सिमेंट जातंय" म्हटलं होतं आणि मॅडमनी "तयार" असं उत्तर दिलं होतं. ऑक्सिजन वाढवला, औषध गेलं, आजी सावरल्या.

याला बोन सिमेंट इम्प्लांटेशन सिंड्रोम म्हणतात. पूर्वी सगळा दोष मोनोमरवर टाकायचे. आता जास्त भर दाबावर आहे: पोकळीत दाब वाढला की मज्जेतली चरबी आणि कण शिरांत ढकलले जातात, तिथून फुप्फुसात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. याची तीव्रता तीन पायऱ्यांत मोजतात: सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 94 टक्क्यांखाली किंवा सिस्टॉलिक बीपी 20 टक्क्यांहून जास्त घसरलं तर पहिली पायरी; सॅच्युरेशन 88 खाली, बीपीत 40 टक्क्यांहून जास्त घसरण किंवा शुद्ध हरपणं ही दुसरी; तिसरीत सीपीआर. पूर्ण भूल असेल तर आधी एंड टायडल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला, पडतो. वयस्क, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे विकार असलेले, हाडं ठिसूळ झालेले किंवा कॅन्सर हाडात पसरलेले पेशंट असतील तर टाइम-आउटलाच (शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हाच) विषय काढा. कोणी काढला नाही तर तुम्ही काढा, नवीन असलात तरी.

मणक्याचं प्रकरण वेगळं. फ्रान्समध्ये आमियाँ इथे 1984 मध्ये पहिल्यांदा सुईतून मणक्यात सिमेंट भरलं गेलं, त्यालाच आपण व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतो. तिथे भीती गळतीची: मज्जारज्जूकडे, नाहीतर शिरेतून थेट फुप्फुसात. सी-आर्मच्या (ओटीतल्या एक्स-रे यंत्राच्या) पडद्यावर काळा ठिपका कडेबाहेर सरकताना दिसला, की सर्जन हात थांबवतात. त्या वेळी सगळ्यांचे डोळे पडद्यावर असतात आणि घड्याळाकडे बघायला तुमच्याशिवाय कोणी नसतं.