एसआयपीचा खरा वार्षिक परतावा: एक्सआयआरआर कसा काढावा

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने ठरलेली रक्कम गुंतवणं. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला ५,००० रुपये, असे जानेवारी ते डिसेंबर २०२४ मध्ये १२ हप्ते भरले आणि ५ जानेवारी २०२५ रोजी गुंतवणुकीचं मूल्य ६४,००० झालं. ६०,००० वर ४,००० म्हणजे पावणेसात टक्के? नाही. डिसेंबरचा हप्ता जेमतेम महिनाभरच गुंतला होता. खरा वार्षिक दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक रकमेची तारीख धरून हा दर काढणारं सूत्र म्हणजे एक्सआयआरआर (XIRR).

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये पहिल्या स्तंभात तारखा, दुसऱ्यात रकमा लिहा. खिशातून गेलेला पैसा उणे, हाती आलेला अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य, अधिक चिन्हासह. मग एक्सआयआरआर सूत्राला आधी रकमांचा पट्टा द्या, नंतर तारखांचा. क्रम उलटला की उत्तर चुकलंच. ०.१२५ असं काही दिसलं तर त्या चौकटीला टक्केवारीचं स्वरूप द्या.

बहुतेक घोळ तारखांचा असतो. फंडाच्या विवरणातून चिकटवलेली तारीख डावीकडे सरकलेली दिसली, तर शीट तिला बहुधा मजकूर समजतंय. ०५/०४ चा ५ एप्रिल झाला की ४ मे, हेही तपासा. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तर त्रुटी येते. पहिली रक्कम शून्य असेल तर एक्सेल कधीकधी शून्याजवळचा निरर्थक आकडा देतं. ती ओळ काढून टाका. मोठा तोटा असेल तर सूत्रात तारखांनंतर, तिसऱ्या जागी, -०.१ असा सुरुवातीचा अंदाज द्या.

लाभांश बँकेत आला असेल तरच त्याची नोंद करा. आणि तीन महिन्यांच्या गुंतवणुकीवर हे सूत्र चालवू नका: तिमाहीतले ५ टक्के ते वर्षाचे साडेएकवीस करून दाखवतं.