कोकणात निघताना तिथी पाहून घ्या

कापूस विकून झाला की आपल्याकडची बरीच मंडळी गाडी काढून कोकणात जातात. आपण धरणाच्या पाण्यावर वाढलेली माणसं, भरती-ओहोटी डोक्यात येतच नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र खडकांतून, अगदी समुद्राला लागून आहे. ती ओहोटीलाच करायची, भरतीत लाटा माणूस ओढून नेतात.

वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर भरती साधारण ६ वाजता, पंचमीला पावणेचारला. त्यात ६ तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरा, भरती भर दुपारी येते. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच, म्हणून उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचंच.

मुरुडहून श्रीवर्धनकडे जाताना आगरदांडा ते दिघी गाडीसकट फेरीबोटीत चढा, खाडीचा लांब वळसा वाचतो. पोरं तर किल्ल्यापेक्षा बोटीवरच खूश असतात! जंजिरा राजपुरीहून होडीनं, पण पावसाळ्यात बंद.