ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं की कापूस विकल्यावर?

२०२२ च्या सुरुवातीला कापसानं क्विंटलमागे दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून बाबांनी मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला. भाव आला नाही, उलट उतरला, आणि उन्हाळाभर सगळं घर अंग खाजवत बसलं.

मी बाबांना तेव्हा हसलो होतो. मग माझ्या गेम खेळायच्या कॉम्प्युटरच्या रॅमच्या (मेमरीच्या) बाबतीत मीही तेच केलं. स्वस्त होईल म्हणून वर्षभर थांबलो, आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर भाव असे भडकले की विचारू नका. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मी नुसतं 'थांबतो' म्हणत नाही. कशासाठी आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

माझा डबा असा: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ६० हर्ट्झचा (सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा) मॉनिटर. मित्र म्हणतो, "काहून बे, अजून त्याच्यावरच खेळून राहिला का?" हो. कारण पैसे काढण्याआधी अडतंय कुठं ते पाहिलं.

पाहायला पैसा लागत नाही. गेममध्ये एका ठरावीक जागी उभे राहा, सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात ते मोजा. मग रिझोल्युशन १०८० वरून ७२० करा आणि त्याच जागी परत मोजा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, नवं कार्ड टाकून उपयोग नाही. सोबत टास्क मॅनेजर उघडा ठेवा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि गेम मधेच आचके देत असेल, तर आधी रॅम. माझं दुखणं तेच निघालं. आठ जीबीची दुसरी डीडीआर४ पट्टी जुनी मिळाली, दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे जोडीनं, चालू लागल्या आणि आचके गेले. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर शंभर फ्रेम काढून पडद्यावर दिसणार साठच, हेही लक्षात घ्या.

आमच्याकडची चाचणी मे महिन्यात करू नका. पारा ४५ ला, खोलीत कूलरची दमट हवा, पंख्यात धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले. कोणताही प्रोसेसर तापून वेग कमी करणारच. आधी ब्लोअरनं साफ करा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. निम्म्या लोकांचं अपग्रेड इथंच होऊन जातं, हे माझं मत.

आता विजेचं. संध्याकाळी आमच्या गावात स्टॅबिलायझरचा काटा १८० व्होल्टवर येतो, आणि लाइट गेली की परत येताना झटका देते. माझा पहिला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) अशाच एका झटक्यात गेला. स्वस्तातला होता, बॉक्सवर वॉट भरपूर लिहिले होते. म्हणून माझ्या यादीत चांगला एसएमपीएस आणि यूपीएस कार्डाच्या आधी. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेपवतो. १६५० चं कार्ड ७५ वॉट खातं, आरटीएक्स ४०६० हे ११५, आरएक्स ६६०० हे १३२. एवढं जमतं. याहून मोठं कार्ड घ्याल तर यूपीएसचाही खर्च धरा.

प्रोसेसर कमी पडत असेल आणि बोर्ड एएम४ चा (एएमडीच्या प्रोसेसरचा जुना सॉकेट, माझ्या बी४५० सारखा) असेल, तर सगळं मोडून एएम५ वर, म्हणजे नव्या सॉकेटवर, जायची घाई नको. तिथं बोर्डही नवा, रॅमही नव्या पिढीची, डीडीआर५ च लागते, आणि तिचाही भाव २०२५ च्या शेवटी भडकला. बी४५० वर बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. फक्त अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा आणि यूपीएसवरच करा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो.

मग थांबायचं कधी नाही? तुमचा गेम सुरूच होत नसेल तेव्हा. डूम: द डार्क एजेस (२०२५) ला रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं) हार्डवेअर असलेलंच कार्ड लागतं, १६५० वर सेटिंग कितीही खाली आणा, चालत नाही. तोच गेम खेळायचा असेल तर पैसे आल्याबरोबर घ्या. 'पुढची पिढी येऊन राहिली' म्हणून मात्र थांबू नका, ती दरवेळी येतच असते. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ वर भागतंय तर खिसा बंद ठेवा.

माझ्या कॅलेंडरवर कार्डासाठी कापसाचे पैसे येतात तो महिना लिहिलाय, जानेवारी. नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन घेईन, पक्क्या बिलासह, कारण वॉरंटीसाठी परत तिथंच जावं लागतं. कर्ज किंवा हप्ता नाही, तो खताबियाण्यापुरताच पुरे.

शेजारच्या गावचा एक पोट्टा माझं १६५० आत्ताच मागून राहिला. त्याला थांब म्हटलं. २६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, कार्ड काढलं की पडदा काळा. नवं कार्ड घरी येऊन आठवडाभर नीट चाललं, की मगच त्याला देईन.