पत्ता आधी, गिअर नंतर
गाडीतला जीपीएस कुणाला काही विचारत नाही, नुसता ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान ४ उपग्रहांचे संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून तो आपली जागा काढतो. उंच इमारतींच्या गर्दीत हे संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतात, म्हणून बाण मध्येच शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. अशा वेळी रस्त्यावरच्या पाटीचं ऐका. पत्ता गाडी हलण्याआधीच टाका, आवाज चालू ठेवा आणि फोन समोरचा रस्ता झाकणार नाही असा लावा. वळण चुकलं? चुकू द्या. करकचून ब्रेक नको, रिव्हर्स तर नकोच. तो बिचारा न चिडता दुसरा रस्ता शोधून देतो.