घरी लग्नपत्रिका करताय? या चुका टाळा

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या 150 पत्रिका आम्ही घरीच केल्या. कागद वाया गेला, दोन रात्री जागून काढल्या, तरी अजून कुणाच्या देवघरात ती पत्रिका दिसली की जीव सुखावतो. एक पत्रिका अथपासून इतिपर्यंत आधी करून पाहायला हवी होती: छापून, दुमडून, पाकिटात घालून, काट्यावर ठेवून. ती केली नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

माप मनात ठरवलं आणि मग कागद आणायला गेलो. कार्डशीटचा मोठा ताव बहुधा 22 बाय 28 इंचांचा मिळतो. आम्हाला 8 बाय 12 चा तुकडा हवा होता. कसंही फिरवून मांडा, एका तावात पाचच बसतात, म्हणजे 150 पत्रिकांना 30 ताव. तोच तुकडा 7 बाय 11 केला की बरोब्बर आठ निघतात, कतरण उरत नाही आणि 19 तावांत काम भागतं. दुकानात जाण्याआधी वहीच्या पानावर ताव आखून बघा. त्या मापाची पाकिटं मिळतात का, तेही आधीच विचारा.

घडीवर पत्रिका फुटते

रंगीत जाड कागद हाताने दाबून दुमडला की घडीवर पांढरी रेघ उमटते. कापडाला जसा ताणा-बाणा, तशी कागदालाही दिशा असते, कारण त्याचे तंतू बहुतेक एकाच बाजूला झुकलेले असतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तीच घडीची दिशा. मग पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक चर पाडा आणि त्यावरच दुमडा. मला विचाराल तर सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा. पत्रिका घरगुती दिसते की गबाळी, ते या घडीवर ठरतं.

पांढरा गोंद मात्र लावू नका. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो. एप्रिलच्या सोलापुरी उन्हाळ्यात, पंख्याखाली, आमच्या वीसेक पत्रिका पापडासारख्या वळल्या. दुहेरी चिकटपट्टी वापरा. रिबिनीऐवजी आम्ही सूत बांधलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या यंत्रमागवाल्यांनी चादरीचं उरलेलं रंगीत सूत तसंच दिलं.

मजकूर

घरी टाइप केलेली फाइल छपाईच्या दुकानात उघडली की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. ‘सिद्धेश्वर’ आणि ‘शुभाशीर्वाद’ हे शब्द आधी तपासा. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ करून न्या आणि पहिली प्रत हातात घेऊन वाचल्याशिवाय पुढची छपाई सुरू करू देऊ नका.

तारीख, वार आणि तिथी पंचांगाशी ताडून बघा. शकाचा आकडा तर हमखास चुकतो, कारण तो जुन्या पत्रिकेवरून उतरवला जातो. गुढीपाडव्यानंतरचं लग्न असेल तर इसवी सनातून 78 वजा करा, जानेवारी ते पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं असेल तर 79. आपल्याकडे तेलुगू किंवा कन्नड मजकूरही बरेचदा जोडतात. तो त्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, अक्षरांवर नुसती नजर फिरवून चालत नाही.

टपाल आणि हळदीकुंकू

300 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या कागदाची, 7 बाय 11 ची पत्रिका साधारण 15 ग्रॅम भरते. त्यात पाकीट आणि सुताची गाठ आली की 20 ग्रॅमचा पहिला टप्पा सहज ओलांडला जातो. तिकीट कमी पडलं तर पाकीट ‘बेरंग’, म्हणजे अपुऱ्या तिकिटाचं, ठरतं आणि जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट पैसे पाहुण्यांना भरावे लागतात. आमच्या एका मामांना ते भरावे लागले, मला फार वाईट वाटलं. पोस्टात एक तयार पाकीट आधी तोलून घ्या.

इंकजेटची शाई ओल्या हळदीने पसरते. म्हणून चारही कोपरे इंचभर कोरे ठेवा, हळदीकुंकवाची बोटं जेमतेम ओली असू द्या आणि पत्रिका पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक रचू नका. ग्रामदैवत सिद्धेश्वराची आणि तुळजाभवानीची पत्रिका आम्ही या गठ्ठ्यातून काढली नाही. त्या दोन आईने वेगळ्या बसून केल्या.