स्पीकर आधी वाचा, रिसीव्हर मग निवडा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मी ॲम्प्लिफायर आणि रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन होम थिएटरच्या सगळ्या स्पीकरांना ताकद देणारं यंत्र, दुरुस्त करते, आणि होम थिएटरचं फिटिंगही करते. टेबलावर येणारे कितीतरी रिसीव्हर मुळात चांगले असतात. त्यांना जोडलेले स्पीकरही चांगले असतात. जोडी मात्र चुकलेली असते, आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर त्यापायी जळतात. म्हणून कुणी फोन करून "ताई, शंभर वॅटचा घेऊ की दीडशेचा?" असं विचारलं, की मी आधी स्पीकरच्या पाठीचा फोटो मागवते. तो आल्याशिवाय रिसीव्हरचं नावसुद्धा सुचवत नाही.

तुम्हीही तेच करा. स्पीकर फिरवा आणि मागची पट्टी वाचा. तिच्यावर ओहम असतात, बऱ्याचदा 'सेन्सिटिव्हिटी' असते, आणि किती वॅटपर्यंत चालेल तेही असतं. बहुतेक लोक वॅटच वाचतात. मला वाटतं, तिन्हींत सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. हा स्पीकर किती सोसेल एवढंच तो सांगतो. त्याला किती लागेल ते बाकीचे दोन सांगतात.

आधी ओहम, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो तो आकडा. पट्टीवर 8, 6 किंवा 4 असेल. उसाला पाणी पाजताना मोटर तीच ठेवून दारं जास्त फोडलं, तर पाणी जास्त जातं आणि मोटरवर ताण येतो. तसंच इथं आहे: ओहम निम्मे झाले की त्याच आवाजाच्या खुंटीवर करंट दुप्पट ओढला जातो आणि रिसीव्हर तापतो. शिवाय छापलेला आकडा ढोबळ असतो. 8 ओहमचा स्पीकर काही स्वरांवर साडेसहापर्यंत खाली येतो, 4 ओहमचा सव्वातीनपर्यंत. प्रमाणित मोजमापात एवढी सूट दिलेलीच आहे. आता रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलजवळ पाहा. तिथं '6–16 ओहम' किंवा '4–16 ओहम' असं लिहिलेलं सापडेल. तुमच्या स्पीकरचा आकडा त्या पट्ट्यात बसला पाहिजे. 8 ओहमच्या स्पीकरला बहुतेक सगळे रिसीव्हर चालतात. 6 ला थोडं पाहून घ्यावं. 4 ओहमचे मोठे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, असतील तर रिसीव्हर 4 ओहमला चालतो असं कंपनीनं स्वतःच्या पुस्तिकेत लिहिलेलं हवं, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

काही रिसीव्हरच्या मेनूत ओहम बदलायची सोय असते. ती 4 वर केली म्हणजे ताकद वाढली असं समजतात. बहुतेक यंत्रांत त्या सोयीनं आतलं व्होल्टेज कमी होतं आणि आवाजाची ताकद उलट घटते.

इचलकरंजीतल्या एका वहिनींचं उदाहरण सांगते, कारण अशी चौकशी वरचेवर होते. त्यांच्याकडे डीव्हीडी प्लेअरसकट आलेला जुना होम थिएटरचा संच होता. प्लेअर बंद पडला. पाच छोटे स्पीकर आणि सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) ठणठणीत, मग नवा रिसीव्हर घेऊन तेच जोडू असा विचार. मी स्पीकर उलटा केला तर पट्टीवर 3 ओहम. अशा संचांचे स्पीकर त्यांच्याच खोक्यातल्या ॲम्पसाठी बनवलेले असतात, बाहेरच्या रिसीव्हरला ते झेपत नाहीत. त्यांच्या सबवूफरला स्वतःचा ॲम्पही नव्हता, आणि रिसीव्हरच्या सबवूफरच्या छिद्रातून तर फक्त सिग्नल येतो, ताकद येत नाही. मी त्यांना सांगितलं, वहिनी, आत्ता रिसीव्हर घेऊ नका. आधी पुढचे दोन 8 ओहमचे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, घ्या, मग रिसीव्हर, बाकीचे पुढच्या दिवाळीला. रिसीव्हरला दोनच स्पीकर जोडून सिनेमा पाहता येतो. मेनूत तसं सांगितलं की मधल्या स्पीकरचा आवाज तो या दोघांत वाटून देतो. टप्प्याटप्प्यानं घेणाऱ्याला माझा नेहमी हाच सल्ला असतो.

आता सेन्सिटिव्हिटी. कोल्हापुरात या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि पैसे वाया जातात ते इथंच. 8 ओहमच्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. समजा तुमचा स्पीकर 87 डेसिबलचा आहे. ताराबाई पार्कात मी काम केलेल्या एका फ्लॅटचा हॉल साधारण अकरा बाय सोळा फुटांचा, सोफा स्पीकरपासून तीन मीटरवर. एवढ्या अंतरात, भिंतींवरून परत येणारा आवाज धरूनही, साधारण 6 डेसिबल कमी होतात असं मी धरते. म्हणजे सोफ्यावर एका वॅटला 81. पुढचा हिशेब सोपा आहे. दर 3 डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात: 2 वॅटला 84, 4 ला 87, 8 ला 90, 16 ला 93, 32 ला 96, 64 ला 99. स्फोट, ढोल-ताशा, विजेचा कडकडाट असे क्षणभराचे मोठे आवाज घरात 99 पर्यंत गेले म्हणजे भरपूर झालं. रोजचं बघणं 70–75 डेसिबलच्या आसपास असतं, त्याला एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही.

हाच स्पीकर 90 डेसिबलचा असता तर 64 ऐवजी 32 वॅट पुरले असते. 84 चा असता तर 128 लागले असते. शंभर वॅटच्या जागी दीडशेचा रिसीव्हर घेतल्यानं दोन डेसिबलही धड मिळत नाहीत, आणि तीन डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला की वॅट दुप्पट केल्याचं काम होतं. ज्यांचे स्पीकर अजून घ्यायचे आहेत त्यांनी हे वाक्य शोरूममध्ये जाताना लक्षात ठेवावं. 4 ओहमच्या स्पीकरवर '2.83 व्होल्टला' असं लिहून आकडा दिला असेल तर त्यातून 3 वजा करून हिशेब करा, कारण त्या व्होल्टेजला तो दोन वॅट खातो.

मग रिसीव्हरचे वॅट कसे वाचायचे? खोक्यावर मोठ्या अक्षरात 140 असेल, त्याच्या खालची बारीक ओळ वाचा. '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल' असं असेल, तर एकच स्पीकर, एकच स्वर आणि फाटलेला आवाज धरून तो आकडा काढलाय. आपल्या कामाची ओळ अशी दिसते: '8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के, दोन चॅनल चालू'. तिथं 80 लिहिलेलं असू शकतं, आणि दोन्ही आकडे एकाच यंत्राचे असू शकतात. दोन रिसीव्हरांची तुलना करायची तर दोन्हींची हीच ओळ शेजारी ठेवा. सगळे चॅनल एकदम चालले की 80 चे पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतात, कारण सगळ्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच. सिनेमात सगळे स्पीकर एकाच क्षणी पूर्ण ताकदीनं वाजण्याचे प्रसंग विरळा, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दोन रिसीव्हर कागदावर सारखे दिसत असतील तर मी दोन्ही हातात उचलून पाहते आणि जड असेल तो घ्या म्हणते.

ताराबाई पार्कातल्या त्या हॉलला 80 वॅटचा रिसीव्हर पुरला. मालकांना दोनशेचा घ्यायचा होता. वाचलेले पैसे आम्ही सेंटर स्पीकरवर घातले, आणि ते योग्यच झालं. सिनेमातले संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. मराठीतला पहिला बोलपट 1932 साली या गावात, प्रभात कंपनीत तयार झाला. त्या गावातल्या घरांत माणसं टीव्हीपुढं बसून "काय म्हणाला तो?" असं एकमेकांना विचारतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढचे तीन, म्हणजे डावा, उजवा आणि मधला, एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. बाजूने चाललेली मोटारसायकल मध्यावर आल्यावर तिचा आवाज बदलायला नको. मागचे स्पीकर वेगळे असले तरी चालतं, कमी-जास्त आवाज रिसीव्हर जुळवून घेतो.

मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा छातीत बसणारा दणका हवा, ही मागणी आमच्याकडे हमखास येते. तो दणका रिसीव्हरच्या वॅटमधून काढायला जाऊ नका. स्वतःचा ॲम्प असलेला सबवूफर घ्या. रिसीव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, टॉवर असले तरी, आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा. अगदी लहान स्पीकर असतील तर 120. म्हणजे त्याखालचा खर्ज सगळा सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरवरचं सगळ्यात जड ओझं उतरतं. मध्यम रिसीव्हर मोठ्या स्पीकरांना पेलतो तो बऱ्याचदा या एका सेटिंगमुळे.

चॅनल मोजताना वरचे स्पीकर धरा. 5.1.2 मध्ये पहिला आकडा भोवतालच्या स्पीकरांचा, मधला सबवूफरचा आणि शेवटचा वरच्या स्पीकरांचा. 5.1.2 म्हटलं की रिसीव्हरमध्ये सात ॲम्प लागतात, 5.1.4 ला नऊ. छतावर आवाज आपटून खाली आणणारे स्पीकर सपाट स्लॅबखाली चालतात. शुक्रवार पेठेतल्या कौलारू घरात ते घेऊ नका, उतरत्या छपरावरून आवाज भलतीकडे जातो. तिथं 5.1 च नीट बसवावं. दोन छिद्रांना चार स्पीकर समांतर जोडायची युक्ती कुणी सांगेल, तर 8 ओहमचे दोन मिळून 4 होतात हे विसरू नका. पुढंमागं टॉवरसाठी वेगळा ॲम्प घ्यायचा विचार असेल तर 'प्री-आउट', म्हणजे बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी छिद्रं, असलेला रिसीव्हर निवडा.

टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ईआर्क असलेलं बरं. आर्क म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय वायरनंच रिसीव्हरकडे आणायची सोय, ईआर्क ही तिची सुधारलेली आवृत्ती. साध्या आर्कवरून ओटीटीचा ॲटमॉस (वरच्या स्पीकरांसकटचा आवाज) येतो, पण टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचा न दाबलेला आवाज त्यातून जात नाही. गेम खेळणारी मुलं घरात असतील तर 4के 120 ला (4के चित्र, सेकंदाला 120 वेळा) चालणारं एचडीएमआय आहे का ते पाहा. बाकी सोयींची लांबलचक यादी दुकानात वाचत बसू नका.

वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. 8 ओहमला दहा मीटरपर्यंत 16 गेज पुरते, 4 ओहमला तेवढ्याच अंतराला 14 गेज घ्या. परदेशातून नातेवाईक आणून देत असतील तर पाठीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे का ते आधी विचारा. अमेरिकेतला 120 व्होल्टचा रिसीव्हर इथल्या प्लगमध्ये सरळ घातला तर तो तिथंच संपेल. आणि आपल्याकडे वळीव गडगडत येतो, तेव्हा रिसीव्हरचा प्लग तर काढाच, सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून येणारी वायरही काढा. एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे एचडीएमआय बोर्ड गेलेले रिसीव्हर येतात, त्यांतल्या अनेकांचा प्लग काढलेला होता, ती वायर तशीच राहिली होती.

रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका, वर वीतभर जागा मोकळी सोडा. स्पीकरांचा आवाज आपोआप मोजून जुळवायला रिसीव्हरसोबत माइक येतो, तो सोफ्याच्या उशीवर न ठेवता स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. पंखा, फ्रिज आणि पाण्याची मोटर बंद करून, कुकरची शिट्टी होणार नाही अशा वेळी मोजणी करा. ती झाल्यावर मेनूत जाऊन 'स्मॉल' आणि 80 हर्ट्झ तपासा, टॉवर दिसले की रिसीव्हर बऱ्याचदा स्वतःहून ते 'लार्ज' करून ठेवतो.

पहिल्या दिवशी तासभर नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर हात ठेवा. कोमट ते गरम ठीक आहे. हात ठेववत नसेल, किंवा रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर 'प्रोटेक्ट' येऊन तो बंद पडत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्लग काढा, प्रत्येक टर्मिनलमागे तांब्याची एखादी तार सुटून शेजारच्या खुंटीला टेकलीय का ते पाहा, मग एकेक स्पीकर काढून चालवा. ज्याला काढल्यावर रिसीव्हर शांत चालतो, त्याची वायर आणि पट्टीवरचे ओहम पुन्हा बघा. सगळं बरोबर असूनही तो तापत असेल तर बिल आणि खोकं घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा, महिना उलटू देऊ नका.